घटनाकार आणि जमीनदारांचं वकीलपत्र : १९५२ च्या एका युक्तिवादाचा प्रकरण अभ्यास

१९५२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सर्वोच्च न्यायालयात उत्तर प्रदेशातल्या काही जमीनदारांच्या वतीने उभे राहिले. समोर आव्हान होतं जमीनदारी नष्ट करणाऱ्या कायद्याला. त्यांनी घटनेच्या आत्म्याचा दाखला दिला. न्यायालयाने तो स्वीकारला नाही.

बाबासाहेबांच्या चरित्रात या प्रसंगाला फार तर दोन ओळी मिळतात. चवदार तळ्याचा दावा सगळ्यांना माहीत असतो, हिंदू कोड बिलावरचा राजीनामा माहीत असतो, हा खटला मात्र कायद्याच्या पुस्तकांतच राहिला. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सहा जिल्ह्यांचे वकील आता सीपीआर रुग्णालयासमोरच्या त्या जुन्या इमारतीत ये-जा करतात. घटनात्मक याचिका काय असते हे जिल्हा न्यायालयात वाढलेल्या तरुण वकिलांनाही आता रोजच्या कामासाठी शिकावं लागतंय. त्यांच्यासाठी आम्ही काही जण संध्याकाळी जुने निकाल वाचायला बसतो. तिथे हा खटला निघाला तेव्हा गडहिंग्लजच्या एका वकील मुलीने विचारलं, "सर, ज्यांनी खोती, म्हणजे कोकणातली जमीनदारीच, मोडायचं बिल आणलं, त्यांनी जमीनदारांचं वकीलपत्र कसं काय घेतलं?" आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी लगेच उत्तर दिलं, "अहो ताई, वकिलाला अशील निवडायचा नसतो. ब्रीफ आलं, उभं राहायचं."

हे उत्तर धंद्याच्या नियमाला धरून आहे, पण मला ते अपुरं वाटतं. ही विसंगती खरी आहे की वरवरची, हे कागदपत्रं पाहूनच ठरवावं लागेल, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

इथवरची वकिली

कोल्हापूरच्या माणसाला या वकिलीची सुरुवात वेगळी सांगायला नको. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी या तरुणाकडे बोट दाखवून सांगितलं की तुमचा पुढारी तुम्हाला मिळाला. त्याच वर्षी आंबेडकर अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला परत गेले. महाराजांची आर्थिक मदत त्यामागे होती. १९२२ मध्ये ते ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९२३ पासून मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. एक गोष्ट आपण बऱ्याचदा विसरतो. आपल्या संस्थानात शाहू महाराजांनी अस्पृश्य समाजातल्या तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या होत्या. मुंबईत एक बॅरिस्टर कामासाठी झगडत होता, त्याच्या आधीच कोल्हापूरच्या कोर्टात त्याच्या समाजातली माणसं काळा कोट घालून उभी राहू शकत होती.

मुंबईत जातीमुळे सॉलिसिटर काम देत नसत. पोटासाठी आंबेडकरांनी व्यापारी कायदा शिकवला. तरी त्या काळातले त्यांचे खटले पाहिले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरच्या अब्रूनुकसानीच्या खटल्यात ते ब्राह्मणेतर चळवळीतल्या आरोपींच्या बाजूने उभे राहिले. फिलिप स्प्रॅट या इंग्रज कम्युनिस्टाचा बचाव करणाऱ्यांत ते होते, आणि संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हाही ते उभे राहिले. हे तिघे अशील एका विचाराचे नव्हते. तिघांनाही एक समान गोष्ट हवी होती : सत्तेने किंवा बहुसंख्येने काही करायचं ठरवलं तर आधी कायद्यासमोर त्याचं कारण द्यावं. महाडच्या तळ्याच्या दाव्यात तर ते स्वतःच प्रतिवादी होते. तो दावा दहा वर्षं चालला आणि १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयात संपला. अनादि काळापासूनची वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही. तळं खुलं करणारा हा निकाल पुराव्याच्या कायद्यावर उभा आहे. बाबासाहेबांची वकिली समजून घ्यायची असेल तर हे ध्यानात ठेवायला हवं. मोठा सामाजिक प्रश्न ते कायद्याच्या बारीक मुद्द्यावर आणून सोडवत.

सर्वोच्च न्यायालयाशी त्यांचं नातंही सरळ नव्हतं. ९ डिसेंबर १९४८ ला घटना समितीत आजच्या अनुच्छेद ३२ वर बोलताना त्यांनी त्याला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटलं. नागरिकाला थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क तो हाच. पण सहा महिनेही झाले नव्हते, तोच २४ मे १९४९ ला न्यायाधीशांच्या नेमणुकीवरच्या चर्चेत ते म्हणाले की सरन्यायाधीश झाला तरी तो माणूसच आहे, इतरांचे दोष आणि पूर्वग्रह त्यालाही असतात, म्हणून नेमणुकीत त्याच्या हाती नकाराधिकार देणं धोक्याचं आहे. १९५१ मध्ये चंपकम दोराइराजन खटल्यात मद्रासचा जातवार जागावाटपाचा आदेश रद्द झाला, तेव्हा कायदामंत्री म्हणून संसदेत त्यांनी त्या निकालावर उघड नाराजी व्यक्त केली. ज्या कोल्हापुरात २६ जुलै १९०२ ला मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखण्याचा शाहू महाराजांचा हुकूम निघाला, त्या गावात ही नाराजी समजावून सांगावी लागत नाही. न्यायालयावर त्यांचा विश्वास होता, पण न्यायालय चुकत नाही असं ते कधीच मानत नव्हते.

सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. पुढच्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून ते पडले. हा खटला त्या सुमाराचा आहे.

वाद नेमका काय होता

बिहार, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश या तीन राज्यांचे जमीनदारीविरोधी कायदे एकत्र सर्वोच्च न्यायालयासमोर आले. मुख्य निकाल बिहार सरकार विरुद्ध कामेश्वर सिंग या नावाने ओळखला जातो. कामेश्वर सिंग म्हणजे दरभंग्याचे महाराज, देशातल्या सर्वांत मोठ्या जमीनदारांपैकी एक. उत्तर प्रदेशच्या कायद्यावरचा निकाल त्याच्या जोडीने आला.

भरपाईचे आकडे पाहिल्याशिवाय खटल्यातली धग कळत नाही. बिहारमध्ये लहान जमीनदाराला निव्वळ उत्पन्नाच्या २० पट, तर सर्वांत मोठ्याला फक्त ३ पट रक्कम मिळणार होती. उत्तर प्रदेशात सगळ्यांना सरसकट ८ पट, शिवाय लहानांसाठी चढत्या दराने पुनर्वसन अनुदान. बिहारचा कायदा पाटणा उच्च न्यायालयाने मार्च १९५१ मध्ये समानतेच्या मुद्द्यावर रद्द केला. एकाला २० पट आणि दुसऱ्याला ३ पट, हा भेदभाव आहे असं त्या न्यायालयाला वाटलं. अलाहाबाद आणि नागपूरने आपापल्या राज्यांचे कायदे उचलून धरले.

सरकार थांबलं नाही. जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली. अनुच्छेद ३१-अ आणि ३१-ब आले, त्यांच्यासोबत नववं परिशिष्ट आलं. त्या परिशिष्टातले कायदे मूलभूत हक्कांचा भंग करतात म्हणून रद्द होणार नाहीत, अशी ही तजवीज होती. सुरुवातीला त्यात १३ कायदे होते आणि त्यांतले ६ एकट्या मुंबई राज्याचे. कूळकायद्याची मूळ १९४८ ची आवृत्ती त्यात आहे. परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द करणारा कायदा आहे. खोती रद्द करणारा कायदाही आहे.

ही यादी आमच्या बैठकीत वाचली गेली तेव्हा सगळेच थबकले. कुलकर्णी वतनं कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्येच मोडली होती आणि तलाठी नेमले होते. त्याच वर्षी त्यांनी महार वतनही रद्द केलं. खोतीविरुद्धचं विधेयक बाबासाहेबांनी स्वतः सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत मांडलं होतं. म्हणजे ज्या कवचाची हद्द ते १९५२ मध्ये न्यायालयात आखू पाहत होते, त्याच कवचाखाली त्यांच्या आयुष्यभराच्या मागणीतून आलेला कायदाही होता. त्या मुलीचा प्रश्न इथे सर्वांत धारदार होतो.

युक्तिवाद

बिहारच्या जमीनदारांसाठी पी. आर. दास होते. चित्तरंजन दासांचे हे धाकटे भाऊ पूर्वी पाटणा उच्च न्यायालयात न्यायाधीश होते. त्यांनी कायद्याची कलमं एकेक करून तपासली आणि भरपाईच्या नावाखाली भरपाई नाकारली जातेय असं मांडलं.

आंबेडकरांनी वेगळी वाट धरली. ३१-अ आणि ३१-ब यांनी फक्त मूलभूत हक्कांच्या भागावर, म्हणजे तिसऱ्या भागावर आधारलेले आक्षेप बंद केले आहेत, हे त्यांनी मान्य केलं. मात्र सार्वजनिक हेतू आणि योग्य मोबदला या दोन अटी केवळ तिसऱ्या भागातून येतात असं त्यांचं म्हणणं नव्हतं. स्वातंत्र्य, न्याय आणि समता यांची हमी देणारी आणि सरकारला मर्यादित अधिकार देणारी घटना आहे, म्हटल्यावर खासगी मालमत्ता कारणाशिवाय आणि मोबदल्याशिवाय घेता येणार नाही ही मनाई त्या घटनेत अध्याहृतच, म्हणजे शब्दांत न लिहिता गृहीत धरलेलीच, आहे, असा त्यांचा मुद्दा होता. अमेरिकन निकालांचा आणि ग्रंथांचा आधार त्यांनी दिला. थोडक्यात, सरकारने पुढचं दार घटनादुरुस्तीने बंद केलं असेल, पण हा आक्षेप त्या दाराने येतच नाही.

त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाला स्वतःची इमारत नव्हती. संसद भवनात नरेंद्र मंडळाचं दालन होतं, जिथे पूर्वी संस्थानिकांची बैठक भरे. न्यायालय १९५८ पर्यंत तिथे बसलं. घटना समितीही याच इमारतीत भरली होती. दोन-तीन वर्षांपूर्वी ज्या वास्तूत त्यांनी मसुद्यातल्या शब्दाशब्दाचं समर्थन केलं, तिथेच आता ते त्या शब्दांपलीकडचा अर्थ सांगत होते. "मी हे लिहिलंय, म्हणून मला माहीत आहे" असं म्हणण्याची सोय मात्र नव्हती. १९५० च्या ए. के. गोपालन खटल्यापासूनच घटना समितीतल्या वैयक्तिक भाषणांना अर्थ लावताना फार थारा मिळत नव्हता. मसुदा समितीचा अध्यक्ष न्यायालयात इतर वकिलांइतकाच.

निकाल

मे १९५२ मध्ये पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. सरन्यायाधीश पतंजली शास्त्रींनी आंबेडकरांच्या मुद्द्याला स्वतंत्र उत्तर दिलं. मालमत्ता ताब्यात घेण्याविषयी घटनेत अनुच्छेद ३१ च्या रूपाने स्पष्ट तरतूद आहे. जिथे स्पष्ट तरतूद असते तिथे त्याच विषयावरची अध्याहृत तरतूद शोधता येत नाही. आणि त्या स्पष्ट तरतुदीखालचा आक्षेप ३१(४), ३१-अ आणि ३१-ब यांनी बंद केला असेल, तर तो घटनेच्या आत्म्याच्या नावाने पुन्हा आत आणता येणार नाही.

पी. आर. दासांच्या पदरात थोडं यश पडलं. बिहार कायद्यातल्या दोन तरतुदी बहुमताने रद्द झाल्या. पहिलीत जमीनदारांची थकीत येणी सरकारने घेऊन निम्मीच रक्कम द्यायची होती. दुसरीत, रयतेच्या सोयींवरचा खर्च म्हणून उत्पन्नातून ठरावीक टक्के सरसकट वजा करायचे होते, असा खर्च प्रत्यक्षात होत असो वा नसो. अधिकाराचा हा आडवळणाचा वापर आहे असं बहुमताने ठरवलं. बाकी तिन्ही कायदे टिकले. उत्तर प्रदेशच्या जमीनदारांना काही मिळालं नाही.

माझं मत सांगतो. १९५२ मध्ये घटनेच्या शब्दांवर न्यायालयाचं उत्तर बरोबर होतं. ३१(४) हे कलम घटनेत घातलंच होतं ते विधिमंडळात रखडलेले असे कायदे वाचवण्यासाठी. आंबेडकरांचा युक्तिवाद मान्य झाला असता तर ते कलम कागदावरच राहिलं असतं, आणि लाखो कुळांची वाट आणखी काही वर्षं अडली असती. ही किंमत लहान नव्हती, आणि बाबासाहेबांवरच्या प्रेमापोटी ती लपवावी असं मला वाटत नाही.

विसंगतीचा प्रश्न

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. उत्तर शोधायला १९३७ च्या खोती विधेयकापासूनच सुरुवात करावी लागते. त्या विधेयकात खोतांचे हक्क नष्ट करायचे होते, कुळांना जमिनीवर बसवायचं होतं, आणि त्याबरोबरच खोतांना वाजवी भरपाई द्यायचीही तरतूद होती. दहा वर्षांनी, मार्च १९४७ मध्ये, घटना समितीसाठी लिहिलेल्या आपल्या निवेदनात ते याच्याही पुढे गेले. सगळी शेती सरकारी उद्योग व्हावी, जमीन जात-धर्म न पाहता गावाला सामूहिक कसायला द्यावी, म्हणजे ना जमीनदार उरेल ना कूळ ना भूमिहीन मजूर, असा तो आराखडा होता. त्या काळच्या कोणत्याही काँग्रेस सरकारच्या कायद्यापेक्षा तो जहाल होता. त्यातही मूळ मालकांना जमिनीतल्या त्यांच्या हक्काच्या किमतीइतके रोखे द्यायचे, असं स्पष्ट लिहिलं आहे.

म्हणजे मोठी मालकी मोडावी हे त्यांचं म्हणणं जितकं जुनं, तितकंच मोबदल्याशिवाय कुणाची मालमत्ता घेऊ नये हेही जुनं. १९५२ मध्ये त्यांनी जमीनदारीची बाजू मांडली नाही, सरकारच्या अधिकाराला असलेली मर्यादा मांडली. या दोन्हीत फरक आहे, आणि त्यांच्या आधीच्या लिखाणातून तो सिद्ध करता येतो. आमच्या ज्येष्ठांचं "ब्रीफ आलं" हे उत्तर म्हणूनच मला पटत नाही. हे ब्रीफ त्यांच्या स्वतःच्या मताच्या जवळचं होतं.

एक अडचण मात्र उरते. उत्तर प्रदेशच्या कायद्यात मोबदला होता. ८ पट कमी की पुरेसा यावर वाद करता येईल, पण तो शून्य नव्हता. तत्त्व भक्कम असलं तरी ते लावायला हे प्रकरण तितकंसं योग्य नव्हतं. दुसरी गोष्ट अधिक टोचणारी आहे. पहिली घटनादुरुस्ती झाली तेव्हा ते कायदामंत्री होते आणि संसदेत त्या दुरुस्तीच्या बाजूने बोलले होते. मंत्री म्हणून जे कवच उभं करण्यात सहभाग होता, त्याची हद्द वकील म्हणून वर्षभरात कमी करायला जाणं आज कुणी केलं तर आपण प्रश्न विचारू. त्यांनाही विचारायला हवा.

याचं उत्तर त्यांनी न्यायालयाबाहेर दिलं. १९ मार्च १९५५ ला राज्यसभेत चौथ्या घटनादुरुस्तीवर बोलताना त्यांनी सांगितलं की अनुच्छेद ३१ ची जबाबदारी मसुदा समिती घेऊ शकत नाही, तो आमचा मसुदाच नव्हे. काँग्रेसमध्ये तेव्हा तीन मतं होती. सरदार पटेलांना पूर्ण भरपाई हवी होती, नेहरू त्याच्या विरुद्ध होते, आणि गोविंद वल्लभ पंतांना त्यांच्या उत्तर प्रदेशच्या जमीनदारी विधेयकाची सुखरूप सुटका हवी होती. या ओढाताणीतून जी तडजोड निघाली ती त्यांना कुरूप वाटत होती, आणि तसं त्यांनी बोलून दाखवलं. घटना समितीचं कामकाज पाहिलं तर याला दुजोरा मिळतो : सप्टेंबर १९४९ मध्ये या अनुच्छेदाचं नवं रूप आंबेडकरांनी नव्हे, खुद्द पंडित नेहरूंनी मांडलं होतं.

हे भाषण वाचल्यावर १९५२ चा युक्तिवाद वेगळ्याच उजेडात दिसतो. जो अनुच्छेद आपला नाही असं त्यांना वाटत होतं, त्याला वळसा घालून ते आपल्या मनातल्या घटनेपर्यंत पोचू पाहत होते. न्यायालयाने त्यांना मंजूर झालेल्या घटनेतच थांबवलं, आणि त्यांनी तो निकाल पाळला. आपल्या प्रतिष्ठेचं वजन वापरून न्यायालयावर दबाव आणण्याचा प्रयत्न केला नाही. बिंदू चौकात त्यांचा पुतळा ९ डिसेंबर १९५० लाच, ते हयात असतानाच, महात्मा फुल्यांच्या पुतळ्याशेजारी बसवला गेला होता. माधवराव बागलांच्या पुढाकाराने कोल्हापूरने त्यांना तो मान दिला. त्यानंतर दीड वर्षात दिल्लीत न्यायालयाने त्यांना कोणतीही सवलत न देता हरवलं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला आल्या, आणि दुसरी पहिलीहून कमी मोलाची मला वाटत नाही.

पुढे काय झालं

अध्याहृत मर्यादेचा विचार मेला नाही. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात ७ विरुद्ध ६ मतांनी न्यायालयाने घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येणार नाही असं ठरवलं. ती चौकट घटनेच्या कोणत्याही एका कलमात लिहिलेली नाही. तो खटलाही केरळच्या जमीन सुधारणेच्या कायद्यांतूनच उभा राहिला होता. २००७ मध्ये नववं परिशिष्टही या कसोटीतून सुटणार नाही असा निकाल आला.

अनुच्छेद ३१ स्वतः टिकला नाही. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने तो गेला, आणि मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून निघून अनुच्छेद ३००-अ मध्ये आला. त्यात एवढंच म्हटलंय की कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाची मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. सार्वजनिक हेतूचा शब्द नाही, मोबदल्याचा शब्द नाही. ऑगस्ट २०११ मध्ये के. टी. प्लांटेशन विरुद्ध कर्नाटक सरकार या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की हे शब्द नसले तरी सार्वजनिक हेतू ही पूर्वअट आहेच, आणि मोबदला मागण्याचा हक्कही त्यातच अंतर्भूत आहे. मोबदला नाममात्र असेल किंवा नसेलच, तर त्याचं समर्थन सरकारला करावं लागेल. कर्नाटकचा तो कायदा टिकला. पण १९५२ मध्ये आंबेडकरांना मिळालेलं उत्तर होतं "स्पष्ट तरतूद असताना अध्याहृत शोधू नका". स्पष्ट तरतूद गेल्यावर न्यायालयाने अध्याहृत शोधलं, आणि जे सापडलं ते जवळपास त्यांनी मांडलेल्या दोन अटींसारखंच होतं. हा निकाल त्यांच्या युक्तिवादावर उभा आहे असा माझा दावा नाही. आशय तोच आहे, एवढं मात्र कुणीही दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहू शकतो.

आपल्याकडे याचा उपयोग आता जमीनदाराला उरलेला नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शक्तिपीठ महामार्गाला विरोध करणारे शेतकरी बहुतेक अल्पभूधारक आहेत. ऊस, विहीर आणि सातबाऱ्यावर भावाभावांची चार नावं, एवढंच त्यांचं भांडवल. असा शेतकरी भूसंपादनाविरुद्ध सर्किट बेंचमध्ये आला तर त्याच्या याचिकेत ३००-अ चा परिच्छेद असेलच, आणि त्यात सार्वजनिक हेतू नेमका कोणता व मोबदला कसा ठरवला, हे दोनच प्रश्न असतील. ती याचिका लिहिणाऱ्या वकिलाने कामेश्वर सिंग निकालातलं आंबेडकरांच्या युक्तिवादावरचं पान आणि २०११ चा निकाल दोन्ही उघडून ठेवावेत. गडहिंग्लजच्या त्या मुलीने दोन्हींच्या प्रती काढून घेतल्या आहेत.